मनभेद नव्हते?

‘मतभेद होते, पण मनभेद नव्हते’ हे वाक्य मराठीत पहिल्यांदा कोणी लिहिले, ते शोधून काढण्याच्या भरीस आम्ही पडलेलो नाही. मृत्युलेख, गौरवग्रंथ आणि संस्थांच्या शताब्दी-स्मरणिका यांतून त्याचा जो सुकाळ झाला आहे, तो पाहता संशोधकाला एक जन्म पुरायचा नाही. दोन थोर माणसे वीस वर्षे एकमेकांशी बोलत नव्हती, एकाने दुसऱ्याच्या हाताखालची माणसे पळवली, दुसऱ्याने पहिल्याच्या अंत्ययात्रेला जाणे टाळले, हे सगळे ज्याला ठाऊक आहे तोच लेखक हे वाक्य लिहितो, आणि ज्याला ठाऊक आहे तोच वाचक ते वाचून मान डोलावतो. वर्गात आम्ही या वाक्याची अनेकदा टिंगल केली आहे. दोन वर्षांपूर्वी ते आम्हीच लिहिले.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक ख्रिस्ती घरात वाढला आहे, दुसरीच्या घरी वारकऱ्यांची परंपरा. एका जुन्या प्रोटेस्टंट मंडळीच्या (चर्चला मराठी ख्रिस्ती समाज ‘मंडळी’ म्हणतो, आणि आम्हांला तो शब्द अधिक आवडतो) स्मरणिकेचे काम आमच्याकडे आले. गावाचे आणि मंडळीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. कागदपत्रांत आम्हांला पंचांच्या सभांच्या इतिवृत्ताची एक जाड वही सापडली. मिशनरी मायदेशी परतल्यावर मंडळीचा कारभार एतद्देशीयांच्या हाती आला, त्या काळातली. तिच्यातली कितीतरी पाने एकाच भांडणाने भरलेली होती. मंडळीचे पाळक आणि मंडळीच्या शाळेचे मुख्याध्यापक, असे ते दोन पुढारी. वसतिगृहातील मोफत जागा पाळकसाहेब आपल्या नात्यागोत्यातल्या मुलांना देतात, असा मुख्याध्यापकांचा आरोप. एका रविवारी उपासना चालू असताना मुख्याध्यापक उठून उभे राहिले आणि त्यांनी तो सगळ्यांसमक्ष बोलून दाखवला. त्यानंतर अर्धी मंडळी देवळातून बाहेर पडली ती सात वर्षे शाळेच्या व्हरांड्यात उपासना करत राहिली. सात वर्षांनी दोन्ही पुढारी निवृत्त झाले, माणसे पुन्हा एका छताखाली आली. काय झाले होते याविषयी कोणी कोणाशी काही बोलले नाही.

आम्ही यावर अडीच पाने लिहिली. समितीतले एक वयोवृद्ध सदस्य, स्वतः निवृत्त शिक्षक, आमच्याकडे आले. फार सज्जन माणूस. म्हणाले, “सर, मॅडम, तुम्ही लिहिलंय त्यातलं काही खोटं नाही. पण आपण इथं मूठभर माणसं. बाहेरचे वाचतील, हसतील. मतभेद होते, मनभेद नव्हते, एवढं घाला आणि पुढं चला.” आम्ही घातले, आणि पुढे चाललो. प्रकाशनाच्या दिवशी एक वृद्ध बाई अंक चाळत आमच्याजवळ आल्या. त्या भांडणाच्या वर्षी त्या वसतिगृहात होत्या. दोन्ही गटांची ओढाताण सुरू झाली तेव्हा वसतिगृह बंद पडले आणि त्यांची शाळा सातवीत सुटली ती कायमची. त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “आमचं वसतिगृह यात कुठं आलंय?”

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहोत. धर्मसंस्थेतील पुढाऱ्यांची भांडणे कशी हाताळावीत हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही ना पाळक, ना पंच. पण झालेली भांडणे कशी लिहावीत आणि कशी वाचावीत, हा आमच्या धंद्याचा विषय आहे. आणि भांडण कसे लिहिले जाते, हा ते कसे हाताळले गेले याचाच एक भाग असतो, असे आम्हांला आता वाटू लागले आहे.

मुळापासून पाहू. ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या ज्या सर्वांत जुन्या भांडणाची लेखी नोंद आहे, ती पौलाने स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात केली आहे. स्थळ अंत्युखिया, येशूच्या अनुयायांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा जिथे मिळाले असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते, तेच हे शहर. तिथे पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, बांधवांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली, आणि पेत्र हळूहळू पंक्तीतून मागे सरू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी बांधवही सरले. पौलाचा जोडीदार बर्णबासुद्धा त्या ओघात गेला. तेव्हा पौलाने सगळ्यांच्या देखत पेत्राला तोंडावर दोष दिला.

हा प्रसंग मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे त्यासाठी ‘पंक्तिप्रपंच’ असा नेमका शब्द आहे. पाहुणे कोण आले आहेत ते बघून कोणाशेजारी बसायचे ते ठरवणारी माणसे आपण घरोघर पाहिली आहेत. एकनाथांच्या कथांतून आणि ‘स्मृतिचित्रां’तल्या लक्ष्मीबाईंच्या सोवळ्या-ओवळ्याच्या झगड्यातून हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी आपल्यापुढे आलेला आहे. पेत्राने कोणता सिद्धांत सोडला नव्हता. तो फक्त एका पाटावरून उठला होता. पण ज्यांच्या शेजारचा पाट रिकामा झाला त्यांना जे कळायचे ते कळले.

या मजकुरात आम्हांला सर्वांत खिळवून ठेवते ती एक उणीव. पौल आपले बोलणे सांगतो. पेत्र काय उत्तरला ते सांगत नाही. त्याने चूक कबूल केली का, तो पुन्हा पंक्तीला बसला का, बर्णबाचे काय झाले, कशाचाच पत्ता नाही. पौल जिंकला असता तर त्याने ते लिहिल्यावाचून सोडले नसते, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि पौलाचा एकूण स्वभाव पाहता आम्हांलाही ते पटते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा कर्ता तर अंत्युखियाच्या या खटक्याविषयी अवाक्षर काढत नाही. मात्र पंधराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा यांचे दुसरे भांडण तो अजिबात न लपवता सांगतो. योहान मार्काला पुढच्या प्रवासात बरोबर घ्यायचे की नाही यावरून दोघांचे इतके बिनसले की बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला आणि पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. ‘मनभेद नव्हते’ असे लिहिण्याची संधी त्यालाही होती. त्याने ती घेतली नाही.

पुढच्या पिढ्यांना मात्र अंत्युखियाची गोष्ट गिळवेना. मंडळीचे दोन आधारस्तंभ, आणि एकाने दुसऱ्याला चारचौघांत ढोंगी ठरवावे? तिसऱ्या शतकातला ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने हे नेमके हेरले: पेत्र चुकला असेल तर तो कसला पुढारी, आणि पौल वडीलधाऱ्याला असा बोलला असेल तर तो उद्धट. ‘बाहेरचे हसतील’ हे आमच्या सज्जन गुरुजींचे वाक्य किती जुने आहे, ते यावरून वाचकांच्या लक्षात यावे. या हसण्याला दिलेल्या उत्तरांपैकी एक असे होते, की ते भांडण खरे नव्हतेच. पेत्र आणि पौल यांनी लोकांना धडा मिळावा म्हणून ठरवून वठवलेले ते एक नाट्य होते. ओरिजेनपासून चालत आलेला हा अर्थ जेरोमने गलतीकरांस पत्रावरील आपल्या भाष्यात स्वीकारला. इ. स. ३८६ च्या सुमारास बेथलेहेमात बसून लिहिलेले हे भाष्य. जेरोम म्हणजे बायबलचे लॅटिन भाषांतर ज्याच्या नावाने ओळखले जाते तो. विद्वत्तेला आणि रागाला त्या काळी त्याच्याइतका धनी दुसरा नव्हता.

ते भाष्य उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीनच्या वाचनात आले आणि तो अस्वस्थ झाला. त्याची हरकत वाचणाऱ्या माणसाची हरकत होती, म्हणून ती आम्हांला आपली वाटते. पौल त्या पत्रात आपण खोटे लिहीत नाही असे देवाला साक्षी ठेवून सांगतो. त्याच पत्रातला एक प्रसंग लोकहितासाठी रचलेला देखावा असेल, तर मग कोणत्या ओळीवर विश्वास ठेवायचा? वडीलधाऱ्यांची अब्रू वाचवण्यासाठी एकदा खोट्याला आत घेतले की पुढे कोणतेही अडचणीचे वाक्य ‘ते तसे नव्हतेच’ म्हणून बाजूला सारता येते. पेत्र चुकला हे मानणे त्याला सोपे वाटले. पौल खोटे लिहितो हे मानणे अशक्य. आणि कनिष्ठाने केलेली कानउघाडणी निमूट ऐकून घेणारा पेत्र त्याच्या लेखी लहान होत नव्हता, मोठाच होत होता.

हे त्याने जेरोमला पत्राने कळवायचे ठरवले, आणि इथून पुढे जे घडले ते एखाद्या फार्सला शोभेल. इ. स. ३९४-९५ च्या सुमारास लिहिलेले पहिले पत्र ज्याच्या हाती द्यायचे तो मनुष्य निघण्यापूर्वीच बिशप झाला आणि गेलाच नाही. काही वर्षांनी लिहिलेले दुसरे पत्र ज्याच्याकडे दिले तो समुद्राला भ्याला. पत्र बेथलेहेमला पोहोचले नाही. त्याच्या नकला मात्र रोममध्ये फिरू लागल्या. एका धर्मसेवकाला एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर ती नक्कल मिळाली आणि जेरोमच्या हाती स्वतःवरची टीका अशी फिरत-फिरत, सहीविना आली. त्या पत्रात ऑगस्टीनने त्याला आपले म्हणणे मागे घेण्याची विनंती केली होती. आता ही विनंती रोममध्ये सगळ्यांनी वाचलेली, आणि ज्याला केली त्यालाच तेवढी ठाऊक नाही!

जेरोम भडकला, यात नवल नाही. नाव कमावण्यासाठी वृद्धाला आव्हान देणाऱ्या तरुणांविषयी त्याने बोचरे लिहिले, व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या मुष्टियुद्धाची आठवण करून दिली. त्यात म्हातारा मल्ल उर्मट तरुणाला लोळवतो.  आणि त्यात भर म्हणून ऑगस्टीनने मधेच भोपळ्याची गोष्ट कळवली. जेरोमच्या नव्या भाषांतरात योनाच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या वनस्पतीचे नाव बदलले होते. जुन्या लॅटिन पाठात ती भोपळ्याची वेल होती; जेरोमने आयव्ही केली. ओएया या गावी, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, हे भाषांतर वाचले गेले आणि मंडळीत इतका गदारोळ झाला की बिशपला लोक टिकवण्यासाठी जुना शब्द परत आणावा लागला. (मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आज बहुधा एरंड असा घेतात. म्हणजे भोपळाही नव्हे आणि आयव्हीही नव्हे. भाषांतर-मीमांसा शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण हाताशी ठेवावे.)

हे भांडण आता कायमचे वैर होणार, अशीच चिन्हे होती. जेरोमचा तसा पूर्वेतिहास होता. तरुणपणापासूनचा त्याचा मित्र रुफिनस याच्याशी त्याचे ओरिजेनवरून असे फाटले होते की दोघांनी एकमेकांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. ते वाचून ऑगस्टीन हादरला, आणि आमच्या मते हे या पत्रव्यवहाराचे वळण आहे. तो जेरोमला लिहितो त्याचा आशय असा, की तुमच्यासारख्या जिवलगांचे हे होत असेल तर कोणत्या मित्राने कोणत्या मित्राची खात्री धरावी. तुम्ही दोघे कुठे एकत्र भेटलात तर मी तुमच्या पायांवर डोके ठेवीन. पत्राच्या फाटाफुटीबद्दल त्याने क्षमा मागितली. मुद्दा मात्र सोडला नाही. जेरोमने इ. स. ४०४ मध्ये सविस्तर आणि तिखट उत्तर दिले, त्याला ऑगस्टीनने पुढच्या वर्षी तितकेच सविस्तर प्रत्युत्तर दिले: पदाने बिशप हा साध्या धर्मगुरूपेक्षा वरचा असला, तरी ऑगस्टीन अनेक बाबतींत जेरोमहून खालचा आहे हे त्याने त्यात मान्य केले, आणि पेत्र खरोखरच चुकला होता हे पुन्हा एकदा ठासून मांडले. नम्रता आणि हट्ट एकाच पत्रात. आमच्या क्षेत्रात यांपैकी एक जरी आढळली तरी धन्यता वाटते.

जेरोमने यावर शरणपत्र लिहिले नाही. पण पुढे पेलागियसविरुद्धच्या वादात दोघे एका बाजूला आले, इ. स. ४१५ मध्ये ऑगस्टीनने ओरोसियस नावाच्या तरुण धर्मगुरूला बेथलेहेमला पाठवले, आणि त्याच सुमारास लिहिलेल्या संवादात जेरोमने पेत्राच्या चुकीचा उल्लेख केला तो सरळ अर्थाने, नाट्याचा आडोसा न घेता. ऑगस्टीनने हे टिपून ठेवले आहे. बाकी जाहीर समेट वगैरे काही झाला नाही. पत्रे मात्र राहिली, दोन्ही बाजूंची, रागलोभासकट. सोळाशे वर्षांनंतर ती वाचून दोघांविषयीचा आमचा आदर कमी झालेला नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम घालून दिला आहे: बांधव चुकला तर आधी एकांतात सांगा, मग एका-दोघांना बरोबर घ्या, तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे आणा. या क्रमाने पाहिले तर पौलाने पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या, ऑगस्टीनच्या पत्राने त्या नकळत गाळल्या, आणि आमच्या वहीतल्या मुख्याध्यापकांनी भर उपासनेत उठून त्या पायदळी तुडवल्या. समितीचे त्यांच्याविषयीचे मत असेच होते. गावातही ते ‘भांडखोर मास्तर’ म्हणूनच लोकांच्या लक्षात आहेत.

पण इतिवृत्त वेगळे सांगते. मुख्याध्यापक त्या रविवारपूर्वी पाळकांच्या घरी दोनदा गेले होते, एकदा एकटे आणि एकदा दोन वडीलधाऱ्यांना घेऊन. त्यानंतर त्यांनी पंचांच्या सभेत विषय मांडला. ‘पुढील सभेत घ्यावा’ असा शेरा मारून तो चार सभा पुढे ढकलला गेला. म्हणजे मत्तयाचा क्रम त्यांनी पायरीपायरीने पाळला होता. अखेरच्या पायरीवर मंडळीपुढे येण्याची वाट पंचांनी अडवली म्हणून ते उपासनेत उठले. हे आम्ही आमच्या अडीच पानांत तारखांसह लिहिले होते. ते काढून ‘मतभेद होते’ लिहिल्याने आम्ही भांडण झाकले असे समितीला वाटले. प्रत्यक्षात आम्ही एका बाजूचा निकाल कायम केला. जिथे कागद गप्प बसतो तिथे गावगप्पा साक्ष देतात, आणि गावगप्पांत नियम पाळणाऱ्यापेक्षा आवाज चढवणाराच लक्षात राहतो.

पौलाच्या बाबतीतही एक गोष्ट विसरू नये. पेत्र पंक्तीतून उठला तो चारचौघांत. अपमान झाला तो तिथे बसलेल्यांचा. त्यांना न कळेल असे एकांतात पेत्राला समजावले असते, तर पेत्र सुधारला असता कदाचित. पण रिकाम्या पाटाशेजारी बसलेल्यांना आपल्या बाजूने कोणी बोलले हे कधीच कळले नसते. ज्या चुकीचे सोसणारे लोक समोर बसलेले आहेत ती चूक पुढाऱ्यांनी आपसांत मिटवली, तर ती पुढाऱ्यांपुरतीच मिटते.

आता ‘बाहेरचे हसतील’ याविषयी. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. अल्पसंख्य समाजाला आपले धुणे चव्हाट्यावर धुण्याची जी किंमत मोजावी लागते ती बहुसंख्यांना लागत नाही, आणि आजच्या दिवसांत तर ती वाढलीच आहे. पण महाराष्ट्रातलाच अनुभव काय सांगतो? मुंबईत कॅथलिक समाजावर १७९४ पासून दोन अधिकारसत्ता होत्या. काही चर्च पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदो हक्काने गोव्याच्या आर्चबिशपकडे, काही रोमच्या प्रोपागांडा या खात्याने नेमलेल्या धर्माधिकाऱ्याकडे. दोघेही एकाच पोपला मानणारे. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून गोष्ट अशी हातघाईवर आली, की प्रोपागांडाचे बिशप हार्टमन चर्चच्या आत ठाण मांडून बसले आणि विरोधी पक्षाच्या भाविकांनी बाहेरून कित्येक दिवस वेढा घातला. आपल्याच बिशपला आपल्याच देवळात कोंडणारे लोक! हे चर्चच्या स्वतःच्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. दर बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला सर्व धर्मांची जी गर्दी लोटते, तिच्यावर त्या वेढ्याचा काडीइतकाही परिणाम झालेला नाही.

तो दुहेरी कारभार संपायला १९२८ साल उजाडले, आणि संपला तोही एका विचित्र तोडग्याने: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. यात भारतीयाची पाळी कुठेच नव्हती. १९३७ पासून आर्चबिशप असलेल्या टॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइटाने यावर जे केले ते आम्हांला फार मोलाचे वाटते. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस त्यांचे सहायक बिशप झाले, आणि रॉबर्ट्स कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबईबाहेर निघून गेले. पद त्यांच्याकडे, काम ग्रेशसांकडे. १९५० मध्ये पोर्तुगालने आळीपाळीचा हक्क सोडला, रॉबर्ट्सांनी राजीनामा दिला, ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. खुर्ची रिकामी करणे हाही भांडण हाताळण्याचा एक मार्ग आहे, मात्र तो मार्ग दाखवणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच भेटतात. असो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र माहीमपेक्षा वाँटेजकडे पाहावे, असे आम्ही सुचवू. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांतून त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पुढे रमाबाई चेल्टनमच्या महाविद्यालयात गेल्या, आणि त्यांनी तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर चर्चच्या पुढाऱ्यांत वाद पेटला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांचा विरोध. प्राचार्या डोरोथिया बील यांचे म्हणणे निराळे. जेराल्डीन बिशपांच्या बाजूने. ज्यांच्याविषयी हे चालले होते त्या रमाबाई मायदेशी पुरुषांच्या सभा गाजवून आलेल्या. त्यांनी स्पष्टच कळवले, की एका पुरोहितवर्गाचे जोखड फेकून आपण आलो ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे. त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाद आणखी चिघळला. बीलबाईंनी शंकांना शंका म्हणून वागवले. जेराल्डीनना त्यांत अहंकार दिसला.

तरीही ही पत्रे जपली कोणी? जेराल्डीन यांनीच. ज्या पत्रांत रमाबाई त्यांना सुनावतात, तीही त्यांनी संग्रहात ठेवली. हा संग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, आणि आज एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रीच्या वैचारिक स्वातंत्र्याविषयी आपण जे बोलतो त्याचा मोठा आधार ही पत्रे आहेत. जेराल्डीन यांचे वागणे आम्हांला ठिकठिकाणी खटकते. आपल्या दृष्टीने दुखावलेल्या बाईने आपल्याच विरोधातला पुरावा फाडून टाकला नाही, याबद्दल मात्र आम्ही त्यांचे ऋणी आहोत. कोणी सुज्ञ हितचिंतकाने त्यांना ‘मतभेद होते, मनभेद नव्हते’ एवढे लिहून बाकीचे चुलीत घालायचा सल्ला दिला असता, तर?

आमच्या वहीकडे परत येतो. पाळकसाहेबांवर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. ज्या मुलांना त्यांनी जागा दिल्या ती नात्यातली होती हे खरे. पण ती ज्या वाड्यांमधून आली होती तिथली मिशनची शाळा बंद पडली होती, हेही त्याच वहीत दुसऱ्या एका नोंदीवरून कळते. ते याविषयी काही बोलले असते तर बरे झाले असते. त्या वेळच्या चिटणिसांनाही तसेच वाटले असावे. मुख्याध्यापकांचे निवेदन त्यांनी शब्दशः उतरवून घेतले आहे, त्याखाली ‘पाळकसाहेबांचे उत्तर’ असा मथळा घातला आहे, आणि खाली सबंध अर्धे पान कोरे सोडले आहे.

स्मरणिकेची पुरवणी काढावी असा अर्ज आम्ही समितीला केला आहे. त्यात आमची अडीच पाने आहेत, त्या बाईंनी सांगितलेली वसतिगृहाची हकिकत त्यांच्या संमतीने आहे, आणि त्या कोऱ्या अर्ध्या पानाचे छायाचित्र आहे. गुरुजींनी अर्ज वाचला. पाळकसाहेबांचे एक पुतणे पुण्याला असतात, त्यांना एकदा विचारून बघतो, असे ते म्हणाले.